जुळले, पण निवडले नाही

फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. "स्टेम सेलसाठी तुमचं एचएलए एका पेशंटशी जुळतंय. अजून तयार आहात ना?" ९ वर्षांपूर्वी स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, देणाऱ्यांच्या यादीसाठी गालाच्या आतून स्वॅब फिरवून नमुना दिला होता, फॉर्म भरला होता आणि पार विसरून गेले होते.

घरात पहिला प्रश्न, "रक्तगट कोणता त्याचा?" सगळे हेच विचारतात. रक्तगट वेगळा असला तरी चालतं. उलट प्रत्यारोपणानंतर पेशंटचाच रक्तगट बदलून दात्याचा होतो. जुळावं लागतं ते एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात, निम्मी आईकडची, निम्मी वडिलांकडची. म्हणून सख्ख्या भावंडाशीही पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. परक्या दात्यात ए, बी, सी आणि डीआरबी१ या जागांच्या दोन-दोन प्रती बघतात, आठपैकी आठ जुळल्या तर उत्तम.

फोनवरच्या बाईंनी "तयार आहात ना" तीनदा विचारलं. मला जरा रागच आला. पण प्रत्यारोपणाआधी औषधांनी पेशंटचा बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा मगज, संपवून टाकतात. त्यानंतर दात्याने पाय मागे घेतला, तर पेशंटच्या जिवावरच बेततं.

मग या वेळी रक्त दिलं. एचएलएची पक्की तपासणी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सीएमव्ही नावाचा विषाणू. सोबत लांबलचक प्रश्नावली: कॅन्सर झालाय का, हृदयविकार, ऑटोइम्यून आजार, वजन किती. शेवटी, गर्भारपणं किती? लिहिलं, २.

तीन आठवड्यांनी कळवलं, दुसरा दाता निवडला. कारण नाही. कुणी मागितलंही नव्हतं असं काही देऊ केलं आणि ते परत आलं, तसं वाटलं. वेडेपणाच, पण वाटलं.

नंतर वाचत बसले. जुळणारे एकाहून जास्त असले की डॉक्टर तरुण दाता आधी घेतात, आणि पुरुषांना झुकतं माप असतं. गर्भारपणात बाईच्या प्रतिकारशक्तीची बाळातल्या बापाकडच्या एचएलएशी गाठ पडलेली असते. अशा दात्याच्या पेशी पेशंटच्या शरीरावर उलटायचा धोका थोडा जास्त. मी ३८ वर्षांची, दोन मुलांची आई. नवऱ्याला म्हटलं, "बघ, तुझ्यामुळे नापास झाले." तो म्हणाला, "वयाचं काय?"

नाव अजून यादीत आहे. काल नवा फोन नंबर कळवला. वजनाच्या रकान्यात मात्र चार किलो वाढवावे लागले.