डिझेलगेट: गाडी परत द्यायची, की दुरुस्त करून ठेवायची?

नुकसानभरपाईची रोख रक्कम दोन्ही पर्यायांत सारखीच होती. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की फोक्सवॅगनच्या अमेरिकेतल्या समझोत्याचं गणित उलगडतं. गाडी कंपनीला परत द्या किंवा दुरुस्त करून स्वतःकडे ठेवा, भरपाई मिळणारच होती. म्हणजे 'पैसे की गाडी' असा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो हा: सप्टेंबर २०१५ च्या भावाने आज गाडी विकायची, की दुरुस्तीनंतर इंजिन आणि एक्झॉस्टवर जो ताण येणार आहे, तो वॉरंटीच्या भरवशावर स्वीकारायचा?

समझोत्याचा आकडा इतका मोठा होता की त्याच्या बातम्यांत हा प्रश्न हरवला. म्हणून तो इथे सविस्तर मांडतो आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. फोक्सवॅगनने आपल्या डिझेल गाड्यांत एक लबाड सॉफ्टवेअर घातलं होतं: प्रदूषणाची चाचणी चालू आहे हे ओळखलं की ते उत्सर्जन-नियंत्रण पूर्ण चालवायचं, रस्त्यावर मात्र ढिलं सोडायचं. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये गाडीच्या मागे मोजणी यंत्रं बांधून रस्त्यावर चाचण्या घेतल्या. जेट्टा मर्यादेच्या १५ ते ३५ पट आणि पसाट ५ ते २० पट नायट्रोजन ऑक्साइड, म्हणजे नॉक्स, सोडत होती. १८ सप्टेंबर २०१५ रोजी ईपीए या अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने कंपनीवर नियमभंगाची नोटीस काढली. अमेरिकेत २.० लिटर टीडीआय, म्हणजे कंपनीच्या डिझेल इंजिनाच्या, सुमारे ४,८२,००० गाड्या यात सापडल्या, जगभरात सुमारे १ कोटी १० लाख. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत न्यायाधीश चार्ल्स ब्रेयर यांनी २.० लिटरच्या समझोत्याला अंतिम मंजुरी दिली आणि मालकांसमोर खरे पर्याय आले.

आता यंत्राकडे येऊ, कारण निर्णयाचं मूळ तिथे आहे.

डिझेल इंजिनात हवा जास्त आणि तापमान चढं, त्यामुळे नॉक्स तयार होतोच. तो कमी करायचा पहिला मार्ग ईजीआर: जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये सोडायचा, म्हणजे ज्वलनाचं तापमान उतरतं. पण ईजीआर वाढवला की काजळी वाढते. काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या गाळणीत, साठते आणि ती जाळून टाकण्यासाठी जादा डिझेल फवारावं लागतं. त्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. नॉक्स कमी करायचा तर काजळी, इंधन आणि ऑइल या तिन्ही बाजूंनी किंमत मोजावी लागते. अमेरिकेची मर्यादा होती मैलाला ०.०७ ग्रॅम, म्हणजे किलोमीटरला साधारण ०.०४३ ग्रॅम. त्या काळात युरोपात लागू असलेल्या युरो ५ मध्ये हीच मर्यादा ०.१८ होती.

कंपनीने २०१७ मध्ये अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्या कबुलीसोबतच्या तथ्यांच्या निवेदनात मालकांच्या दृष्टीने फार महत्त्वाची गोष्ट आहे. पूर्ण उत्सर्जन-नियंत्रण चालू ठेवलं तर काजळीच्या भाराने डीपीएफ खराब होतो, हे कंपनीच्या अभियंत्यांना सुरुवातीलाच दिसलं होतं. पुढे २०१२ च्या सुमारास रस्त्यावरच्या काही गाड्यांचे भाग निकामी होऊ लागले. अभियंत्यांचा अंदाज असा की या गाड्या रस्त्यावरही 'चाचणी' अवस्थेतच चालत राहत होत्या. त्यावर उपाय म्हणून त्यांनी स्टिअरिंग वळतंय की नाही हे ओळखणारी भर सॉफ्टवेअरमध्ये घातली, म्हणजे गाडी खऱ्या रस्त्यावर आली की स्वच्छ अवस्था लवकर सुटेल.

याचा सरळ अर्थ असा की कायदेशीर दुरुस्ती म्हणजे ज्या कामाच्या ताणापासून हे भाग वाचवले होते, तेच काम त्यांच्याकडून करून घेणं. गाडी ठेवणाऱ्याने पहिला विचार याचा करायला हवा होता, मायलेजचा नंतर.

सगळ्या टीडीआय सारख्या नव्हत्या. २००९ ते २०१४ च्या जेट्टा, गोल्फ, बीटल आणि ऑडी ए३ या पहिल्या पिढीत युरियाची टाकी नाही, नॉक्स ट्रॅप आहे. त्यातलं बेरियमचं संयुग नॉक्सला नायट्रेटच्या रूपात धरून ठेवतं. ट्रॅप भरला की इंजिन काही सेकंद जास्त इंधनावर चालवून तो रिकामा करावा लागतो. इंधनातलं गंधकही तिथेच चिकटतं आणि ते काढायला बरंच जास्त तापमान लागतं. दर वेळच्या त्या तापण्याने ट्रॅप म्हातारा होत जातो. या पिढीच्या दुरुस्तीला मंजुरी मिळायला जुलै २०१७ उजाडला. सॉफ्टवेअर बदललं, काही गाड्यांत नॉक्स कॅटॅलिस्टही नवा बसवला. तरीही गाडी मूळ प्रमाणपत्रातल्या मर्यादेइतकी स्वच्छ होत नव्हती. ती तूट समाजाला भरून द्यावी म्हणूनच समझोत्यात २.७ अब्ज डॉलरचा पर्यावरण निधी होता.

दुसरी पिढी म्हणजे २०१२ ते २०१४ ची पसाट. हिच्यात एससीआर आहे: ३२.५ टक्के युरिया असलेलं ॲडब्लू एक्झॉस्टमध्ये फवारलं जातं, त्यापासून अमोनिया तयार होतो आणि नॉक्सचं रूपांतर नायट्रोजन व पाण्यात होतं. रसायन म्हणून हा मार्ग नॉक्स ट्रॅपपेक्षा कितीतरी चांगला. लबाडी होती मात्रेत. पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत टाकी पुरावी म्हणून रस्त्यावर ॲडब्लू कमी सोडलं जात होतं. दुरुस्तीनंतर ते जास्त लागणार हे उघड आहे. हीटर, पंप, फवारणीचं नोझल आणि नॉक्स सेन्सर हे या व्यवस्थेतले नाजूक भाग. नोझलवर युरियाचे पांढरे खडे जमतात, कमी अंतराच्या फेऱ्यांत तर लवकरच.

तिसरी पिढी २०१५ ची. इंजिन नवं, ईए२८८, आणि एससीआर सगळ्या मॉडेलना. हिची दुरुस्ती सर्वात आधी, जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाली, तीही दोन टप्प्यांत: आधी सॉफ्टवेअर, मग साधारण वर्षभराने नवे कॅटॅलिस्ट, डीपीएफ आणि जादा नॉक्स सेन्सर. एक्झॉस्टचे सगळ्यात महाग भाग नवे मिळणार, इंजिन कमी चाललेलं, आणि त्यावर लांबवलेली वॉरंटी. ठेवण्यासारखी गाडी कोणती होती, असं विचाराल तर माझं उत्तर हीच.

आता पैसे. परतखरेदीची किंमत म्हणजे नाडा या जुन्या गाड्यांच्या भावपुस्तकातला सप्टेंबर २०१५ चा 'क्लीन ट्रेड-इन' भाव, म्हणजे चांगल्या स्थितीतली गाडी डीलरला देताना मिळणारा भाव; मॉडेल, कारखान्यातून आलेल्या सोयी आणि मायलेज, म्हणजे गाडी किती मैल चालली ते, पाहून. घोटाळा उघडकीस येण्याआधीपासून गाडी असलेल्या मालकाला यावर भरपाई: त्या किमतीच्या २० टक्के अधिक २,९८६.७३ डॉलर, आणि किमान ५,१०० डॉलर. थोडं गणित केलं की कळतं, गाडीचा भाव साधारण १०,५६६ डॉलरच्या खाली असेल तर ही किमान रक्कम लागू होते. म्हणजे जुन्या गाड्यांच्या मालकांना टक्केवारीच्या हिशोबाने थोडं झुकतं मापच मिळालं.

उदाहरणादाखल १४,००० डॉलर भावाची गाडी घ्या. भरपाई ५,७८६.७३. परत दिली तर एकूण १९,७८६.७३. ठेवली तर ५,७८६.७३ रोख, दुरुस्ती फुकट आणि गाडी दारात. फरक बरोबर १४,००० चा. मग विचारायचं एवढंच: हीच गाडी आज खुल्या बाजारात १४,००० ला जाईल का? २०१७-१८ मध्ये, दोन-तीन वर्षं आणखी जुनी झालेली आणि घोटाळ्याचं नाव चिकटलेली गाडी त्या भावाला जाणं कठीणच होतं. निव्वळ पैशाच्या नजरेने बहुतेकांसाठी परत देणं सरस होतं, आणि तसं स्पष्ट सांगायला हवं.

यात काळाचा एक पैलू होता, तो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. भाव सप्टेंबर २०१५ ला गोठवलेला होता, पण मायलेजची सूट पुढे चालू होती: वर्षाला १२,५०० मैल, म्हणजे महिन्याला १,०४२. सप्टेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१८ अशा ३६ महिन्यांत सुमारे ३७,५०० मैल किंमत कमी न होता चालवता येत होते. घसारा कंपनीच्या खिशातून. दाव्याची मुदत १ सप्टेंबर २०१८, गाडी सोपवण्याची डिसेंबर २०१८ अखेर. ज्याचं मायलेज मर्यादेत होतं आणि गाडी ठणठणीत होती, त्याने पहिल्याच आठवड्यात रांगेत उभं राहण्याचं कारण नव्हतं. उलट महिन्याला दोन हजार मैल तोडणाऱ्याचा भाव दर महिन्याला उतरत होता, त्याने लवकर सुटणं चांगलं.

वाट पाहण्यात जोखीम होती, तीही सांगतो. गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत डीलरपर्यंत पोहोचायला हवी, अशी अट होती. मधल्या काळात मोठा अपघात झाला किंवा इंधनाचा उच्चदाब पंप फुटून धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत गेला, तर परतखरेदी धोक्यात. म्हणून सोपवण्याच्या दिवसापर्यंत पूर्ण विमा चालू ठेवायचा. काहींनी परत देण्याआधी सीटं, दारं, बंपर काढून विकायचा घाट घातला. अटीत फक्त 'चालणारी गाडी' म्हटलं आहे, हा त्यांचा युक्तिवाद. न्यायाधीश ब्रेयर यांनी तो समझोत्याचा हेतू नसल्याचं ठणकावलं, आणि ते बरोबरच होतं.

कर्ज असलेल्यांसाठी वेगळी तरतूद होती. थकबाकी एकूण रकमेपेक्षा जास्त असेल तर कंपनी १३० टक्क्यांपर्यंत फेडत होती. वरच्या उदाहरणात ही मर्यादा साधारण २५,७२२ डॉलर. कर्ज २२,००० असेल तर सगळं फिटतं, हातात काही येत नाही. कर्ज १७,००० असेल तर बँकेचे पैसे वळते होऊन २,७८६.७३ हातात पडतात. कर्जात बुडालेल्याने दुरुस्तीचा पर्याय घेतला असता तर ही जादा फेड हुकली असती.

एक खाच मात्र सहज नजरेतून सुटते. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत जुनी गाडी डीलरला देऊन नवी घेतली की विक्रीकर फक्त फरकाच्या रकमेवर लागतो. परतखरेदी हा स्वतंत्र व्यवहार, त्यामुळे नव्या गाडीवर पूर्ण कर. १४,००० डॉलरवर ७ टक्क्यांनी ९८० डॉलर होतात, ते तुलनेत धरायलाच हवेत.

ठेवणाऱ्याच्या बाजूने सर्वात भक्कम मुद्दा वॉरंटीचा. पहिल्या दोन पिढ्यांसाठी ती मूळ विक्रीपासून १० वर्षं किंवा १,२०,००० मैल, अथवा दुरुस्तीपासून ४ वर्षं किंवा ४८,००० मैल, यातलं जे उशिरा संपेल ते. तिच्यात एक्झॉस्टची व्यवस्था, ईजीआर, इंधनव्यवस्था, सेन्सर असे नेमके ताणाखाली येणारे भाग होते. पण पहिल्या पिढीच्या, आधीच लाखभर मैल झालेल्या गाडीला हे संरक्षण चार वर्षांपुरतंच. त्यानंतर डीपीएफ गेला तर खर्च गाडीच्या उरलेल्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. अशी गाडी ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही.

३.० लिटर व्ही६ वाल्यांचा समझोता वेगळा झाला, मे २०१७ मध्ये. त्यातल्या नव्या, २०१३ पासूनच्या गाड्यांची दुरुस्ती मूळ मर्यादा पाळणारी ठरली, त्यामुळे परतखरेदीची तिथे गरजच उरली नाही.

भारतातल्या मालकांना या हिशोबाची संधीच मिळाली नाही. एआरएआय या भारतातल्या वाहन-चाचणी संस्थेच्या रस्त्यावरच्या चाचण्यांत नॉक्स बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळला. डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडीच्या मिळून सुमारे ३,२३,७०० गाड्यांसाठी रिकॉल जाहीर झाला. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला, त्याच्या वसुलीची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने रोखली. मालकाच्या हातात यातलं काहीच नाही. बीएस-४ ची नॉक्स मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम, अमेरिकेच्या जवळपास सहापट सैल, म्हणून कंपनीला इथे नियम मोडलाच नाही असा पवित्रा घेता आला. फसवणूक त्याच सॉफ्टवेअरची असताना ग्राहकाचा हक्क देशागणिक इतका बदलावा, हे मला आजही पटत नाही.

आज कोणी अमेरिकेत दुरुस्त केलेली टीडीआय घेत असेल, तर आधी चेसिस नंबरवरून दुरुस्ती नोंदवली आहे का ते पाहावं, आणि २०१५ ची असेल तर दोन्ही टप्पे झालेत का ते. मग निदानयंत्र लावून डीपीएफमधल्या राखेचं प्रमाण वाचावं. काजळी जळते, राख जळत नाही, म्हणून खरं वय तिथे कळतं. शेवटच्या काही रिजनरेशनमधलं, म्हणजे गाळणीतली काजळी जाळण्याच्या वेळांमधलं, अंतर पाहावं. ते सारखं आखडत गेलं असेल तर गाळणी भरत आली आहे, किंवा इंजेक्टर वा ईजीआर काजळी वाढवतोय. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमाल खुणेच्या वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर अर्धवट तुटलेली रिजनरेशन, म्हणजे गाडी फक्त छोट्या फेऱ्यांत वापरलेली. ऑइल फोक्सवॅगनच्या ५०७.०० या कमी राखेच्या मानकाचंच भरलं आहे याची पावती मागावी, कारण साध्या ऑइलची राख त्याच गाळणीत जाऊन बसते. पावत्या नसतील तर सौदा सोडून द्यावा.