तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिक्टोरियावाल्यांच्या पोटावर पाय

हा प्रश्न मला लोकांनी लग्नाच्या पंगतीत विचारला आहे, चर्चगेटच्या लोकलमध्ये विचारला आहे, आणि गेल्या महिन्यात माझ्या तोंडात कापसाचा बोळा असताना दातांच्या डॉक्टरांनीही विचारला. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, प्रश्न तोच असतो: मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद पाडल्यात, घोड्यांची दया आली हे ठीक, पण त्या गरीब माणसांच्या पोटावर पाय दिलात त्याचे काय? विचारणाऱ्याला बहुधा उत्तर नको असते. त्याने कधीतरी बायकोमुलांना घेऊन मरीन ड्राइव्हवर फेरी मारलेली असते आणि त्या आठवणीला आम्ही डाग लावला, असा त्याचा राग असतो. आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय बदलत आले. आता एकदाच सविस्तर लिहिते, म्हणजे यापुढे कोणी विचारले की हेच वाचायला देता येईल.

व्हिक्टोरिया मी बंद पाडल्या नाहीत, हे पहिल्यांदा सांगते, आणि ही पळवाट आहे हेही मला कळते. जनहित याचिका ॲनिमल्स अँड बर्ड्स चॅरिटेबल ट्रस्टची होती, निकाल ८ जून २०१५ रोजी उच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. ए. के. मेनन यांच्या खंडपीठाने दिला. मी पत्रके वाटणाऱ्यांपैकी एक होते. बँकेतली नोकरी सांभाळून दर शनिवारी रात्री वही घेऊन मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसायचे आणि कोणता घोडा किती वाजता जुंपला, किती वाजता सुटला, हे लिहायचे. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ पासून केंद्राचे नियम आहेत: दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपायचे नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर गेलेला असेल तर दुपारी बारा ते तीन जनावर बाहेर काढायचे नाही. माझ्या वहीत संध्याकाळी साडेपाचला जुंपलेला घोडा रात्री एकलाही जुंपलेलाच असे, आणि मध्ये तोबरा बांधलेला मला क्वचितच दिसे. तक्रार केली तर? प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. एका फेरीच्या भाड्यात कितीतरी वेळा भरून होईल एवढा. म्हणून ज्यांना वाटते की बंदीऐवजी नियम कडक करायला हवे होते, त्यांना मी तो दंडाचा आकडा सांगते आणि गप्प बसते.

यावर पुढचा प्रश्न येतो, की तुम्ही स्वतः कधी बसला नव्हता का. बसले होते. मे महिन्याच्या सुट्टीहून आम्ही कोकणातून बोटीने परत यायचो, आणि भाऊच्या धक्क्यावरून गिरगावातल्या चाळीपर्यंत वळकट्या, ट्रंका, दोन फणस आणि आम्ही चार भावंडे एका व्हिक्टोरियात मावायचो. मी कोचवानाशेजारी बसण्यासाठी भांडायचे. तापलेल्या चामड्याचा आणि भिजवलेल्या चण्याचा तो मिश्र वास मला आजही आवडतो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. पण ती गाडी आम्हाला घरी पोचवत होती. पुढे चांदीसारखा पत्रा ठोकलेल्या, निळ्याजांभळ्या दिव्यांनी लखलखणाऱ्या ज्या गाड्या उरल्या, त्या कोणालाच कुठे पोचवत नव्हत्या. नरिमन पॉइंटवरून निघून जिथून निघाल्या तिथेच परत येत होत्या. न्यायालयानेही नेमके हेच पाहिले. सार्वजनिक वाहनांच्या १९२० च्या कायद्याने परवाने दिले होते ते भाड्याच्या वाहनाला. निव्वळ करमणुकीची फेरी ही टाळता येण्याजोगी गोष्ट आहे आणि तिच्यासाठी जनावराला यातना देणे बेकायदा आहे, असा त्या निकालाचा अर्थ होता. शिवाय तबेल्यांना महापालिकेचे परवानेही नव्हते. आणि मुंबईने घोडा सोडण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. १८७४ साली कुलाब्याहून पायधुणीपर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०५ साली ती बंद झाली; तिच्या नावाने गळा काढणारे मला तरी कोणी भेटलेले नाही.

मग रेसकोर्स का चालते, माथेरानचे घोडे का चालतात, नवरदेवाची घोडी का चालते? चालू नये, असे मला वाटते. निदान महालक्ष्मीच्या रेसकोर्सबद्दल तरी नक्की वाटते. माथेरानला मोटारी नेता येत नाहीत, तिथे घोडा डोंगर चढून सामान आणि माणसे नेतो, तेव्हा तिथला विचार वेगळा करावा लागेल. पण श्रीमंतांचा घोडा सुटला नाही म्हणून गरिबाचाही सुटू नये, हे तर्कशास्त्र मला कधी उमगले नाही. पूर्वी मी हे फार तोऱ्यात सांगायचे. एका शाळेत मुलांसमोर मी म्हणाले होते की उपजीविका हा बचाव होऊ शकत नाही, गावठी दारूची भट्टी हीसुद्धा कोणाची तरी उपजीविकाच असते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ते वाक्य मला आजही खोटे वाटत नाही. फक्त ते मी कोणाच्या तोंडावर म्हणू शकले नसते, एवढे आता कळते.

आता जे कोणी विचारत नाही ते सांगते.

जुलै २०१२ मधली शनिवारची रात्र होती. पावसाने नुकतीच उघडीप दिली होती आणि डांबर दिव्यांखाली काळ्या काचेसारखे चकाकत होते. अकराच्या सुमारास चौपाटीकडून येणाऱ्या एका गाडीचा घोडा गटाराच्या लोखंडी झाकणावर घसरला. लोखंडी नाल आणि ओले लोखंड यांचा जो आवाज होतो तो दगडावर कोयता ओढल्यासारखा असतो. घोडा डाव्या अंगावर पडला, गाडीचे दोन्ही दांडे त्याच्याबरोबर वाकडे झाले, आतले पाहुणे उड्या मारून उतरले आणि पदपथावर जाऊन उभे राहिले. तो बादल होता. माझ्या वहीत त्याची तीन पाने होती: पांढुरका, कपाळावर भोवरा, उजव्या खांद्यावर जुंपणीच्या पट्ट्याने झालेली जुनी जखम.

कोचवान साठीचा असावा. मी त्यांना नेहमी पाहत असे. ते मला 'वहीवाली बाई' म्हणायचे, काहीशा तुच्छतेने. त्या क्षणी त्यांनी मला पाहिले आणि ओरडले, "बाई, मुंडी पकडो! मुंडी दबाके रखो!" पडलेला घोडा उठायचा झाला तर आधी मान उचलतो. मान जमिनीशी धरून ठेवली तर तो उठायची धडपड करत नाही, आणि तेवढ्यात दुसऱ्या माणसाला बक्कले सोडवून त्याला दांड्यांतून मोकळा करता येतो. हे मी एका पशुवैद्याकडून शिकले होते. मला माहीत होते. तिथे कोचवानांशिवाय आणि माझ्याशिवाय हे माहीत असणारे दुसरे कोणी बहुधा नव्हते.

मी फोन काढला. दीड वर्ष मी वहीत आकडे भरत होते आणि आकड्यांना कोणी विचारत नव्हते. वर्तमानपत्रवाले म्हणायचे, फोटो आहे का? मी एक फोटो काढला, तो हलला. दुसरा काढला. फ्लॅश डोळ्यांवर पडला तसा बादल बिथरला आणि मान उचलून मागच्या पायांनी झटके देऊ लागला. कोचवानांनी एक पट्टा सोडवला होता, तो हातात तसाच ठेवून त्यांनी मला थांबवण्यासाठी हात वर केला. मी तिसरा फोटो काढला. मग फोन पर्समध्ये टाकला आणि जाऊन मान धरली. सगळे मिळून अर्धा मिनिट गेले असेल. ते अर्धे मिनिट मी अनेकदा मोजून पाहिले आहे. ते फार लांब असते.

बादल मोकळा झाला तेव्हा त्याचा मागचा एक पाय दांड्याखाली अडकून गुडघ्याखाली मोडलेला होता. प्राण्यांची रुग्णवाहिका यायला तास-सव्वा तास लागला. तोवर ते कोचवान चाचा रस्त्यावर मांडी घालून बसले होते, घोड्याचे डोके मांडीवर घेऊन, त्याच्या कानाच्या मुळाशी अंगठ्याने गोल गोल चोळत. पाऊस पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यांनी आपला सदरा काढून त्याच्या डोळ्यांवर घातला. तो मोडलेला पाय बरा होण्यातला नव्हता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले. मी त्यांना बाजूला घेऊन विचारले की पाय पडतानाच मोडला असेल की नंतर धडपडताना. ते म्हणाले, आता ते सांगता येणार नाही, आणि सांगून उपयोग काय?

तिसरा फोटो उत्तम आला होता. खाली पडलेला घोडा, पांढरे झालेले डोळे आणि त्याच्यावर हात उगारलेला माणूस, हातात चाबूक. तो चाबूक नव्हता, पट्टा होता. तो हात घोड्यावर नव्हता, माझ्यावर होता. हे फोटोत दिसत नाही, आणि मी कोणाला सांगितले नाही. आमच्या पत्रकांवर तो फोटो तीन वर्षे छापला जात होता. लोक तो पाहून चुकचुकायचे, सह्या करायचे, एका आजींनी तर त्या माणसाला शिव्याशाप दिले. मी पेन पुढे करत राहिले. निकालाच्या दिवशी आम्ही पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

बाकी तुम्हाला ठाऊक आहे. गाड्या बंद करायला न्यायालयाने एक वर्षाची मुदत दिली होती आणि घोडे व माणसे यांच्या पुनर्वसनाची योजना करायला सरकारला सांगितले होते. हे मी प्रत्येक वेळी मुद्दाम सांगते, कारण माणसांचा विचार न्यायालयाने केला नव्हता असे पुष्कळांना वाटते. योजना, तारखा, याद्या हे सगळे सावकाश चालू राहिले. बॅटरीवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया दक्षिण मुंबईत आल्या त्या मार्च २०२१ मध्ये; जून २०१६ ची मुदत उलटून पावणेपाच वर्षे होत आली होती. लोक मला त्या गाड्या दाखवून म्हणतात, बघा, निघाला की नाही मार्ग? निघाला. फक्त साठी उलटलेल्या माणसाने मधली पावणेपाच वर्षे काय खावे, याचे उत्तर त्या गाडीत बसून मिळत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात ते चाचा मला शोधत बँकेत आले. मला वाटले, शिव्या द्यायला आले असतील. मी मनातल्या मनात उत्तरेही तयार केली, कायद्याची कलमे आठवली. ते समोरच्या खुर्चीत बसले, पाणी मागून घेतले, आणि म्हणाले की तो फोटो हवा आहे. परवाना होता गाडीच्या मालकाच्या नावाने. हे रोजंदारीवर गाडी हाकणार. चाळीस वर्षे हाकली, पण हाकल्याचा कागद एकही नाही. पुनर्वसनाच्या यादीत नाव घालायचे तर कोचवान असल्याचा पुरावा हवा होता, आणि व्हिक्टोरियाबरोबर त्यांचा चेहरा दिसेल असा फोटो त्यांच्या माहितीत जगात एकच होता.

मी त्यांना विचारले, "चाचा, माहीत आहे ना, त्या फोटोवरून लोक तुम्हाला काय म्हणायचे?" ते म्हणाले, "मालूम है. चेहरा तो साफ है ना?"

मी मोठी प्रत काढून घेतली आणि बँकेच्याच टेबलावर बसून तिच्या मागे लिहिले की या छायाचित्रातील इसम घोड्यास मारत नसून मदतीसाठी मला बोलावत आहे, त्यांच्या हातातील वस्तू चाबूक नसून जुंपणीचा पट्टा आहे, आणि छायाचित्र मी स्वतः काढले आहे. खाली सही केली, तारीख घातली, भ्रमणध्वनी क्रमांकही दिला. पाच वर्षांनी पहिल्यांदाच ते कुठेतरी लिहिले गेले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांच्याबरोबर कचेरीत गेले. तिथल्या कारकुनांनी फोटो हातात घेतला, चाचांकडे पाहिले, पुन्हा फोटोकडे पाहिले. "हा मारतोय का?" त्यांनी मला विचारले, चाचा जणू तिथे नव्हतेच. मी म्हणाले, नाही, मागे लिहिले आहे ते वाचा. त्यांनी मान डोलावली, गोंदाची बाटली पुढे ओढली, फोटोच्या मागच्या बाजूला चारही कडांना आणि मध्यावर भरपूर गोंद लावला, आणि तो अर्जावर दाबून बसवला.