उसवलेले टाके

आठवीत कार्यानुभवाच्या तासाला बाई आम्हा मुलग्यांनाही शिवायला बसवत. धावदोरा, हेम, काजं. माझे टाके हमखास वाकडे. बाई एक शब्द न बोलता सगळे उसवत आणि रुमाल परत माझ्या हातात ठेवत. पुढे सर्जन झालो, टाक्यांचं कौतुक होऊ लागलं, तेव्हा मनातल्या मनात म्हणायचो, बघा बाई!

मग स्वयंसेवक म्हणून युद्धग्रस्त भागात गेलो. (ठिकाण लिहीत नाही, तिथे अजून लोक काम करताहेत.) तिथला पहिलाच धडा होता, टाका घालायचा नाही. गोळीची किंवा स्फोटाची जखम वरून दिसते तेवढी कधीच नसते. आत माती, कपड्याच्या चिंध्या आणि मेलेला स्नायू असतो. ती शिवली की आत पू, नाहीतर गॅस गँगरीन, म्हणजे स्नायू सडवणारा जीवघेणा संसर्ग. म्हणून मेलेलं सगळं काढायचं, भरपूर धुवायचं, कोरडं गॉज सैलसर भरून जखम उघडी ठेवायची आणि चार-पाच दिवसांनी शिवायची. स्नायू जिवंत असला तर चिमट्यात धरल्यावर आकसतो, कापल्यावर रक्त येतं.

शाळेत सरांनी डॉ. कोटणिसांची गोष्ट सांगितली होती. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक, १९४२ मध्ये तिथेच वारले, वय अवघं ३२. त्यांच्या आधी त्याच आघाडीवर राबलेले कॅनडाचे नॉर्मन बेथून १९३९ मध्ये ऑपरेशन करताना बोट कापल्याचं निमित्त होऊन रक्तातल्या जंतुसंसर्गाने गेले, हे मात्र मला डॉक्टर झाल्यावर कळलं. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. आज प्रतिजैविकं हाताशी आहेत, तरी मेलेल्या स्नायूत रक्तच पोचत नाही, तर औषध कुठून पोचणार? कात्री काही सुटलेली नाही.

हे सगळं पाठ असूनही दुसऱ्या आठवड्यात मी एका पोराची पोटरी शिवलीच. जखम लहान होती, स्वच्छ दिसत होती, आणि त्याचा बाप दाराशी उभा राहून खुणेने विचारत होता, अशी उघडी का ठेवता? खरं तर हात शिवशिवत होते, बापाचं निमित्त. तिसऱ्या दिवशी ताप आला, ड्रेसिंगला वास. तिथल्या वयस्क सिस्टरांनी काही न बोलता माझ्या हातात कात्री ठेवली.

सगळे टाके उसवले. आणखी दोनदा धुऊन दहाव्या दिवशी शिवले. वाकडेच आले.