थोरल्या आजोबांचा माग: विजयदुर्ग ते ग्लासगो

थोरल्या आजोबांबद्दल आजी दोनच वाक्यं बोलते. "तेची बोट दोनदा बुडाली" आणि "तो थयचोच झालो" (तिथलाच झाला). पुढचं विचारलं की चुलीकडे वळते. आठ महिने मी या दोन वाक्यांच्या मागे आहे. पहिलं मी कौतुकाने वाढवून सांगितलेलं धरून चाललो होतो, ती माझी चूक.

सुरुवात झाली आजीच्या ट्रंकेतल्या कार्डापासून. कसरीने एक कोपरा खाल्लेला. वर छापील 'क्रीग्सगेफांगेननपोस्ट', म्हणजे युद्धकैद्यांची टपाल, आणि त्यावर 'गेप्रुफ्ट' असा तपासणीचा शिक्का. मजकूर दुसऱ्या कोणी लिहून दिलेला, चार ओळींचा: मी बरा आहे, आईची काळजी घ्या. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात 'मिलाग नोर्ड'. ब्रेमेनजवळ वेस्टरटिमके इथे व्यापारी जहाजांवरच्या खलाशांची ही छावणी होती, आणि त्यात हिंदी खलाशांचा वेगळा भाग होता. घरात ऐंशी वर्षं हे 'लंडनचं कार्ड' म्हणून जपलं गेलं.

मग ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून, क्यूहून, कैदी खलाशांचे कागद मागवले (मालिका बीटी 373). तिथे तीन आठवडे फुकट गेले. आजोबांच्या वडिलांचं नाव जुळत होतं, पण पुढे 'भंडारी' लिहिलेलं. आम्ही जातीने गाबीत, म्हणून तो कागद मी बाजूला ठेवला. वाडीतले एक निवृत्त सारंग (बोटीवरच्या खलाशांचे मुकादम) हसले. म्हणाले, "अरे, बोटीवरचो भंडारी म्हणजे खलाशांचा जेवाण करणारो. ती जात न्हय, काम!" शिवाय आडनावाच्या जागी बापाचं नाव लावलेलं. कोकणातल्या खलाशाला आडनावाने शोधत असाल तर आधी ते थांबवा. आणि जन्मस्थान 'रत्नागिरी' दिसलं म्हणून देवगड-मालवणवाल्यांनी पान उलटू नये, सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो 1981 मध्ये.

त्याच कागदावर बोट मिळाली: 'सिटी ऑफ बगदाद'. 11 जुलै 1940 रोजी हिंदी महासागरात 'अटलांटिस' या जर्मन जहाजाने ती पकडून बुडवली. 'अटलांटिस'वरचे काही कैदी पुढे 'दुर्मितोर' नावाच्या बोटीने इटालियन सोमालीलँडला उतरवले गेले, तर काहींना 'टिरान्ना' या पकडलेल्या नॉर्वेजियन बोटीवर चढवून फ्रान्सकडे धाडलं. 22 सप्टेंबर 1940 ला फ्रान्सचा किनारा जवळ आला असताना ब्रिटिश पाणबुडी 'ट्यूना'ने तिच्यावर टॉर्पेडो सोडले. आत आपलीच माणसं आहेत हे पाणबुडीला ठाऊक नव्हतं. बरेच कैदी बुडाले. आपले आजोबा जर्मनीतल्या छावणीत पोचले, म्हणजे ते सोमालीलँडच्या वाटेने गेलेले नाहीत. आजी सांगते ते खरं, आजोबांची बोट खरोखरच दोनदा बुडाली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आजीचं दुसरं वाक्य, म्हणजे लग्नाचं प्रकरण, या महिन्यातलं. 1945 च्या एप्रिलमध्ये छावणी सुटली, आणि त्यानंतर घरी काहीच आलं नाही. बोट ग्लासगोच्या सिटी लाइन या जहाज कंपनीची, म्हणून ते शहर धरून स्कॉटलंडच्या नोंदी चाळल्या. तिथे लग्नाला 75 वर्षं झाली की नोंदीची प्रतिमा बघायला मिळते. 1947 ची एक सापडली. रजिस्ट्रारपुढचं लग्न, वधू तिथलीच, वराचा धंदा जहाजावरचा स्वयंपाकी, बापाचं नाव बरोबर. स्कॉटलंडच्या दाखल्याची खरी श्रीमंती म्हणजे त्यात दोन्हीकडच्या आयांची नावं, माहेरच्या आडनावासकट, असतात. इंग्लंडच्या त्या काळच्या दाखल्यात फक्त बाप सापडतो.

आणि नेमकं आईचंच नाव जुळेना. घरात पणजीचं नाव देवीचं, दाखल्यावर मात्र नदीचं. मी फाइल बंद करणार होतो, तेवढ्यात आत्ते म्हणाली, "लग्नात नाव बदलतत रे. माहेरचा काय होता, इचार." दुसऱ्या दिवशी मिठबावला, पणजीच्या माहेरी गेलो. तिच्या भावाचा नातू पडवीत जाळं विणत होता. मी विचारलं तर मान वर न करता त्याने त्या नदीचं नाव घेतलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुका कोणी सांगितला?"

रजिस्ट्रारने 'आईचं माहेरचं आडनाव' विचारलं असणार, आणि आजोबांनी आईचं सगळंच माहेरचं नाव सांगितलं. सासरी जे नाव कोणाच्या तोंडी नव्हतं ते ग्लासगोच्या कचेरीत एका मुलाने उच्चारलं.

आता पुढचं काम मुलांचं. जन्माच्या प्रतिमा तिथे 100 वर्षांनी खुल्या होतात, पण सूची बघता येते, आणि 1947 नंतरच्या दहा वर्षांत हेच दुर्मीळ आडनाव ग्लासगोत दोनदा दिसतंय. दोन्ही दाखले मागवलेत.

आजीला लग्नाच्या दाखल्याची प्रत वाचून दाखवली. वधूचं नाव तिने तीनदा म्हणून घेतलं, जीभ वळेपर्यंत. मग म्हणाली, "गणपतीत मिठबावाक जाशीत तेव्हा ह्यो कागद घेवन जा. तेंकाय दाखव."