पोस्टकार्डाएवढा हिवाळा, आठवडा तिसरा: घसरणारी माणसं

गेल्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, ‘बर्फ झाला, आता फक्त माणसं राहिली.’ ते ‘फक्त’ मागे घेतो.

मधूनच वाचायला आलेल्यांसाठी: सोळाव्या शतकातला चित्रकार हान्स बोल याचा ‘हिवाळा’ हा छाप मी पोस्टकार्डाच्या आकारात गवाशमध्ये (पाण्यात कालवायच्या अपारदर्शक रंगांत) करतोय. हा छाप चार ऋतूंच्या मालिकेतला. त्यातले वसंत आणि उन्हाळा पीटर ब्रॉयगेल या थोर चित्रकाराने रेखाटले होते. तो १५६९ मध्ये गेला, मग प्रकाशक हिएरोनिमस कॉकने उरलेले दोन बोलकडून करून घेतले आणि १५७० मध्ये मालिका छापून आली. ब्रॉयगेलचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करायचं! माझी तर छाती झाली नसती.

आता माणसं. बर्फावर स्केटिंग करणारा एकेक जण माझ्या कागदावर जेमतेम ८ मिलिमीटर भरतो. पहिल्याचं धड, मग हात, मग टोपी असं रीतसर रंगवलं, तर मेलेली मुंगी झाली. भिंगातून छाप पुन्हा पाहिला तेव्हा कळलं की सगळी गंमत कलण्यात आहे. धडाचा एक तिरपा ठिपका आणि मागे फेकलेल्या पायाची एक रेघ, बास. पुढे झुकला की घसरतोय. सरळ राहिला की बसची वाट बघतोय. माझे पहिले चार बसस्टॉपवरच उभे आहेत.

ब्रशबद्दल एक सांगतो. बारीक कामाला ट्रिपल झिरो (000 नंबरचा, अगदी बारीक ब्रश) घेऊ नका. त्यात रंग मावतो कितीसा? पंख्याखाली टोकावरच वाळतो. मी आता दोन नंबरचा, सेबलच्या केसांचा गोल ब्रश धरलाय, टोक मात्र सुईसारखं हवं. रंगात डिंकाच्या पाण्याचा एक थेंब टाकला की रेघ तुटत नाही.

बुधवारी घोळ झाला. टोप्यांवर पांढरा लावताना दोनदा फिरवला आणि खालचा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) उठून वर आला. तीन टोप्या चहात बुडवल्यासारख्या. गवाश वाळला तरी पाणी लागताच पुन्हा सुटतो, हे माहीत असून हात थांबला नाही. रंग दाट, टेकवणं एकदाच.

पार्श्वभूमीचं गणित अजून नीट बसलेलं नाही. त्या काळच्या निसर्गचित्रांत पुढे तपकिरी, मध्ये हिरवा, लांब निळा असा ठोकताळा असायचा. हिवाळ्यात मधला हिरवा आणायचा कुठून? मी करड्यात चिमूटभर हिरवा घातलाय. चालतोय असं वाटतं.

हान्स बोल याला आपण सरसकट डच म्हणतो, पण तो मेखेलनचा, म्हणजे आजच्या बेल्जियममधला. कापडावर जलरंगात मोठमोठी चित्रं रंगवायचा. १५७२ मध्ये स्पॅनिश सैन्याने मेखेलन लुटलं आणि तो अँटवर्पला पळाला. तिथे त्याच्या कापडांच्या नकला त्याच्याच नावावर खपू लागल्या. त्या काळचा चित्रकारांचा चरित्रकार व्हान मांडर लिहितो की वैतागून त्याने कापडच सोडलं आणि इतकं लहान काम धरलं की नकलाकारांच्या नाकी नऊ यावेत. पुढे १५८४ मध्ये तो उत्तरेकडे गेला आणि १५९३ मध्ये आम्सटरडॅममध्ये वारला. चारशे वर्षांनंतरचा एक नकलाकार इथे भिंग लावून बसलाय. नाकी नऊ आलेत.

अकरा माणसं झाली, सात बाकी. मग कडेला सोनेरी रेघ. शेल गोल्ड (डिंकात कालवलेली सोन्याची पूड) कोणी हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत कागदावर वापरलंय का? चकाकीसाठी घोटताना खालचा रंग खरवडतो का, तेवढं सांगा.