तुम्ही विचारलेत म्हणून : आरेखकाचे स्वतःचे असे काय असते?

तंत्र-आरेखन शिकवणाऱ्याला एक प्रश्न चुकत नाही, आणि मला तो बहुधा मुलींकडून किंवा त्यांच्या पालकांकडून येतो. संशोधक शोध लावतो, अभियंता रचना ठरवतो, मग दुसऱ्याने दिलेली मापे कागदावर उतरवणाऱ्या आरेखकाचे त्यात स्वतःचे असे काय असते? विचारणाऱ्याच्या मनात हेटाळणी नसते. आयुष्याची उमेदीची वर्षे ज्या कामाला द्यायची, त्यात आपल्या बुद्धीला वाव आहे की नाही, एवढेच जाणून घ्यायचे असते. या प्रश्नाला उत्तर म्हणून मी दरवेळी मारी थार्प यांचे आयुष्य सांगते, कारण समुद्राच्या तळाशी असलेली एक दरी जगाला प्रथम दिसली ती त्यांच्या आरेखन-फलकावर.

थार्प यांचा जन्म 30 जुलै 1920 रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाला. वडील सरकारी कृषी खात्यात मृदा-सर्वेक्षक होते. गावोगाव फिरून ते जमिनीच्या प्रकारांचे नकाशे तयार करत, त्यामुळे मुलीच्या शाळा सतत बदलत राहिल्या. तिने इंग्रजी आणि संगीत घेऊन पदवी मिळवली. त्या काळी तिकडे शिकलेल्या मुलीसमोर शिक्षिका, परिचारिका किंवा सचिव असे तीनच मार्ग असत. दुसऱ्या महायुद्धात पुरुष विद्यार्थी सैन्यात गेले, वर्ग ओस पडले, आणि मिशिगन विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाने मुलींना प्रवेश खुला केला. पदव्युत्तर पदवी घेऊन थार्प ओक्लाहोमातील एका तेल कंपनीत रुजू झाल्या. तिथे स्त्रियांना प्रत्यक्ष क्षेत्रकामावर पाठवत नसत. पुरुषांनी आणलेली माहिती आणि नकाशे लावून ठेवणे हेच त्यांच्या वाट्याला आले. कंटाळून त्यांनी नोकरी करता करता गणिताची आणखी एक पदवी घेतली आणि 1948 मध्ये न्यूयॉर्कला येऊन कोलंबिया विद्यापीठात भूभौतिकशास्त्रज्ञ मॉरिस युइंग यांच्याकडे काम मिळवले. भूविज्ञान आणि गणित या दोन्ही विषयांत पारंगत असलेल्या या बाईंना काम मिळाले ते मात्र आरेखन येते म्हणून. विद्यापीठाची लॅमाँट भूवैज्ञानिक वेधशाळा सुरू झाल्यावर ब्रूस हीझन या तरुण संशोधकाबरोबर त्यांची जोडी जमली. हीझन जहाजावर जाऊन समुद्राच्या खोलीची मोजणी आणत आणि थार्प ती कागदावर मांडत. संशोधन-जहाजावर स्त्रियांना मज्जाव असल्यामुळे ज्या समुद्राचा तळ त्या रेखाटत होत्या, त्यावर जाण्यासाठी त्यांना 1960च्या दशकापर्यंत थांबावे लागले.

आता 1952 सालच्या त्यांच्या फलकाकडे जरा जवळून पाहू, कारण प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. जहाजावरचे प्रतिध्वनी-मापक यंत्र ध्वनीचा आघात खाली सोडते, तळावर आपटून आलेला प्रतिध्वनी टिपते, आणि जाण्या-येण्याला लागलेल्या वेळावरून खोली ठरते. या नोंदींची लांबच लांब कागदी भेंडोळी थार्प यांच्यासमोर असत. जहाज कोणत्या वेळी कोणत्या अक्षांश-रेखांशावर होते हे पाहून त्या प्रत्येक खोली जहाजाच्या मार्गावर नेमकी बसवत आणि मग त्या मार्गाचा उभा छेद, म्हणजे तळ तिथे उभा कापला तर दिसेल तशी बाजूची आकृती, काढत. इथे आरेखकाला पहिला निर्णय घ्यावा लागतो तो मापाचा. अंतर आणि खोली एकाच मापाने काढायची म्हटले, तर पाच हजार किलोमीटर रुंदीचा महासागर एक मीटर लांबीच्या कागदावर बसवताना पाच किलोमीटर खोली अवघी एक मिलिमीटर भरते. पेन्सिलीची रेषाच जवळपास अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर तळावरचे डोंगर दिसणार कुठून? थार्प यांनी उभे माप आडव्या मापाच्या चाळीस पट घेतले. वरच्या उदाहरणातील तीच खोली आता चार सेंटिमीटर झाली, आणि तळाला आकार आला.

उत्तर अटलांटिक पार करणारे असे सहा छेद त्यांनी तयार केले आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने एकाखाली एक मांडले. महासागराच्या मधोमध डोंगररांग आहे हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते, तेव्हा ती दिसण्यात नवल नव्हते. प्रत्येक छेदातील शिखरे वेगवेगळी होती, एकाची दुसऱ्याशी जुळणी होत नव्हती. परंतु रांगेच्या माथ्यावर, जवळजवळ मध्यभागी, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी एक खाच मात्र छेदामागून छेद येतच होती. ही दरी एक ते तीन किलोमीटर खोल आहे. खऱ्या मापात काढली असती तर ती रेषेच्या जाडीतच गडप झाली असती. रांगेच्या माथ्यावर सलग दरी असणे याचा अर्थ तिथे पृथ्वीचे कवच ताणले जाऊन दुभंगत आहे, हे थार्प यांच्यातील भूविज्ञान-पदवीधराने ओळखले. खोलीचे आकडे हीझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांजवळही होतेच. आकड्यांच्या रूपात असताना ती दरी कोणाच्याही नजरेला पडली नव्हती.

हीझन यांनी हे ऐकले आणि ‘बायकी गप्पा’ म्हणून उडवून लावले. या नकाराला कारण होते. कवच दुभंगते म्हटले की खंड एकमेकांपासून दूर सरकतात हे मान्य करण्याची वेळ येते, आणि 1912 मध्ये आल्फ्रेड वेगेनर यांनी मांडलेला खंडवहनाचा तो सिद्धांत त्या काळच्या अमेरिकी भूवैज्ञानिकांना वेडगळपणा वाटत असे. थार्प वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी आकडे तपासले, छेद पुन्हा काढले, आणि खाच जागची हलली नाही.

निकाल लागला तोही आरेखनामुळेच. समुद्राखालून जाणाऱ्या दूरध्वनीच्या तारा कुठे टाकाव्यात या कामासाठी हीझन यांनी हॉवर्ड फॉस्टर या आरेखकाला सागरी भूकंपांची केंद्रे नकाशावर मांडायला बसवले होते. फॉस्टर यांना ऐकू येत नसे, आणि त्यांचे टेबल थार्प यांच्या शेजारीच होते. भूकंपांचा नकाशा खोलीच्या नकाशाइतक्याच मापाचा ठेवण्यात आला होता. दोन्ही कागद एकावर एक ठेवल्यावर अटलांटिकमधील भूकंपांच्या ठिपक्यांची माळ थेट थार्प यांच्या दरीतून गेली. मग जिथे खोलीची मोजणी फारच विरळ होती तिथेही भूकंपांच्या माळेचा माग काढता आला, आणि तो एडनच्या आखातातून पूर्व आफ्रिकेतील खचदरीपर्यंत पोहोचला. समुद्राखालच्या दरीचे जमिनीवरचे भावंडच सापडले. मापे वेगवेगळी असती तर ही सांगड किती लांबली असती याचा विचार प्रत्येक आरेखकाने करावा, असे मला वाटते. हीझन यांना पटायला जवळपास वर्ष गेले.

दुसरा निर्णय नकाशाच्या शैलीचा. समुद्राची खोली समोच्च रेषांनी, म्हणजे सारख्या खोलीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांनी, दाखवण्याची पद्धत रूढ होती, परंतु शीतयुद्धाच्या त्या दिवसांत अमेरिकी नौदलाने असे तपशीलवार नकाशे गोपनीय ठरवले होते. म्हणून थार्प आणि हीझन यांनी प्राकृतिक रचनाचित्राची वाट धरली. समुद्रातील सारे पाणी काढून टाकून उंचावरून तिरपे पाहिले, तर डोंगर, उतार आणि मैदाने जशी दिसतील तशी ती शाईच्या बारीक रेषांनी काढायची. ही पद्धत आरेखकाची कठोर परीक्षा घेते. समोच्च रेषेत दोन मोजणींमधली जागा मोकळी सोडता येते. रचनाचित्रात तिथेही काहीतरी भूरूप काढावेच लागते, आणि ते काय असेल हे भूविज्ञान जाणणाराच सांगू शकतो. जिथे माहिती अजिबातच नव्हती, अशा एका मोठ्या भागावर त्यांनी नकाशातील खुणांचा अर्थ सांगणाऱ्या सूचीची चौकट बसवली. तिथे जलपऱ्या आणि बुडालेली जहाजे काढावीत अशी थार्प यांची इच्छा होती, पण हीझन यांनी ती चालू दिली नाही. उत्तर अटलांटिकचा हा नकाशा 1957 मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढचे सर्वपरिचित आहे. जगभरच्या समुद्रांतून सुमारे पासष्ट हजार किलोमीटर लांबीची एकच पर्वतरांग फिरते, हे 1956 मध्ये जाहीर झाले होते. 1957 मध्ये प्रिन्स्टन येथील हीझन यांच्या व्याख्यानानंतर भूवैज्ञानिक हॅरी हेस त्यांना म्हणाले, की तुम्ही भूविज्ञानाचा पाया हादरवला आहे. याच हेस यांनी पुढे समुद्रतळ प्रसरण पावतो ही कल्पना मांडली, आणि 1960चे दशक संपेपर्यंत पृथ्वीचे कवच सरकत्या तुकड्यांचे बनले आहे हा भूपट्टांचा सिद्धांत स्थिर झाला. फ्रेंच समुद्र-संशोधक जाक कुस्तो यांचा या दरीवर विश्वास नव्हता. त्यांनी आपल्या जहाजामागून पाण्याखाली कॅमेरा ओढत नेला आणि 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या सागरविज्ञान परिषदेत त्या दरीचेच चित्रीकरण दाखवले.

युइंग आणि हीझन यांच्यातील बेबनावापायी थार्प यांची वेधशाळेतील जागा गेली, तरी त्यांनी काम सोडले नाही. न्यूयॉर्क राज्यातील साउथ नायॅक येथील घरीच फलक मांडून त्यांनी ते चालू ठेवले. हिंदी महासागराचा नकाशा ऑस्ट्रियाचे चित्रकार हाइनरिख बेरान यांच्या रंगांत 1967 मध्ये आला आणि सर्व महासागरांचा एकत्र नकाशा 1977 मध्ये. तो छापून होण्यापूर्वीच हीझन पाणबुडीतील मोहिमेवर असताना हृदयविकाराने वारले.

श्रेयाचा प्रश्न मात्र मला अस्वस्थ करतो. 1956 ते 1963 या काळात त्या पर्वतरांगेवर जे महत्त्वाचे शोधनिबंध निघाले, त्यांत बहुतेक ठिकाणी थार्प यांचे नाव नाही. आपण पडद्यामागे राहिलो याचा आपल्याला विषाद नाही, इतके रंजक काम मिळाले हे आपले भाग्य, असे त्यांनी उतारवयात लिहिले. तो त्यांचा मोठेपणा झाला. त्यामुळे इतरांचा हिशेब चुकता होत नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 1997 मध्ये विसाव्या शतकातील चार थोर नकाशाकारांत त्यांची गणना केली, तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. 23 ऑगस्ट 2006 रोजी त्यांचे निधन झाले.

एवढे सांगून झाल्यावर मी विचारणाऱ्या मुलीला तिचेच आरेखन-पत्रक समोर घ्यायला लावते. त्याच्या उजव्या कोपऱ्यातील चौकटीत नाव लिहिण्याआधी तिने मला चार गोष्टींची कारणे द्यायची असतात : हेच माप का घेतले, छेद इथूनच का घेतला, कोणती झाकलेली रेषा तुटक दाखवली आणि कोणती गाळली, आणि जिथे माप हाती नव्हते तिथे काय केले.