उताराच्या मधल्या रस्त्यानं

फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या बोन शहराच्या पश्चिमेला बूझेझ नावाचं एक उद्यान आहे. त्याच्या कडेनं बाहेर पडणारा अरुंद रस्ता बघता बघता द्राक्षमळ्यांत शिरतो आणि पुढे वीसेक किलोमीटर, थेट सांतने गावापर्यंत, त्यातून बाहेर यायचं नाव घेत नाही. पोमार, व्होल्ने, मर्सो, प्युलिन्यी, शासान्य. दुकानात वाइनच्या ज्या बाटल्यांवर ही नावं वाचून आपण खिसा चाचपतो, ती गावं इथे दर दोन-चार किलोमीटरला एकेक करून समोर येतात. या वाटेला ‘व्हुआ दे व्हीन्य’, म्हणजे द्राक्षमळ्यांची वाट, म्हणतात. मोटारी जवळजवळ नाहीत, हॉर्न तर नाहीच नाही.

ही शांतता मात्र सायकलवाल्यांसाठी कुणी राखून ठेवलेली नाही. बहुतेक तुकडे मुळात मळ्यात ट्रॅक्टर नेण्यासाठी केलेले आहेत. म्हणून रस्त्याची रुंदी, त्यावरचा चिखल, गर्दीचा हंगाम, सगळं वेलीच्या सोयीनं ठरतं. सायकलवाल्यानं पाहुण्यासारखं वागावं, म्हणजे यजमानही सांभाळून घेतो.

आधी उतार समजून घेतला पाहिजे. कोत दोर म्हणजे पूर्वेकडे तोंड केलेली एक लांबच लांब उतरण. तिच्या पायथ्याशी डी 974 हा वाहता रस्ता. त्याच्या खालची सपाट, भारी जमीन साध्या ‘बूर्गोन्य’ वाइनची. वर सरकलं की गावाच्या नावानं विकली जाणारी वाइन, त्याच्या वर प्रीमिए क्र्यू म्हणजे वरच्या प्रतीचे मळे, आणि उताराच्या साधारण मध्यावर मोजके ग्राँ क्र्यू, म्हणजे सर्वोच्च प्रतीचे. त्याहून वर माती पातळ होत जाते आणि माथ्यावर जंगल लागतं. खाली पाणी साचतं, वर गारठा आणि खडक. मधल्या पट्ट्यात चुनखडीमिश्रित मातीतून पाण्याचा निचरा होतो आणि सकाळचं ऊन सरळ पानांवर पडतं. हे सगळं पुस्तकात वाचता येतं, पण सायकलवर ते मांड्यांना कळतं. समपातळीनं जाणाऱ्या वाटेवर चढ दोन-तीन टक्क्यांचा, गप्पा मारत जावं असा. तीच वाट काटकोनात जंगलाकडे वळली की आठ-दहा टक्के, आणि गप्पा बंद.

प्युलिन्यी आणि शासान्यच्या मधे एका ठिकाणी जरूर थांबावं. बुटक्या दगडी भिंतीच्या वरच्या अंगाला मोंराशे, जेमतेम आठ हेक्टरांचा, दोन गावांत वाटला गेलेला मळा. रस्त्याच्या खालच्या अंगाला बातार-मोंराशे. दोन्ही ग्राँ क्र्यू, दोन्हीकडे शार्दोने जातीची पांढरी द्राक्षं, छाटणीही तीच. मधे एक मोटार जाईल एवढी वाट, आणि तेवढ्यानं बाटलीची किंमत बदलते. 2015 साली युनेस्कोनं या बारीक वाटण्यांनाच, म्हणजे ‘क्लिमा’ना, जागतिक वारसा ठरवलं. सायकल भिंतीला टेकवायची तर हँडल टेकवू नका, सीट टेकवा. भिंती चुना-सिमेंटाशिवाय रचलेल्या असू शकतात आणि दगड हलतात. घड तोडायचा मोह होईल, तो आवरावा. एक तर तो दुसऱ्याचा माल आहे, आणि दुसरं म्हणजे त्यावर फवारणी झालेली असते.

फवारणीचं प्रकरण नाशिक-सांगलीच्या वाचकाला समजावून सांगायला नको. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण ही याच देशाची देणगी, आणि डाउनी-भुरी या रोगांची धास्ती इथेही तेवढीच. गंमत अशी, की मे ते जुलैत वारा पडलेला असताना, पहाटे-सकाळी फवारायचं असतं. सायकलवाल्यालाही नेमकी तीच वेळ हवी असते. पुढच्या ओळीत पंप चालू दिसला तर वारा कुठून येतोय ते पाहा, वाऱ्याच्या वरच्या अंगाची वाट धरा किंवा यंत्र ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत लांब उभे राहा.

ते यंत्रही पाहण्यासारखं असतं. आपल्याकडे दोन ओळींत आठ-नऊ फूट मोकळे ठेवून मधून ट्रॅक्टर नेतात. इथे ओळीत एक मीटर, वेलीत एक मीटर, हेक्टरी दहा हजार वेली. मधून काय जाणार? म्हणून ‘आंजांबर’ नावाचा उंच पायांचा ट्रॅक्टर ओळीच्या दोन्ही बाजूंना चाकं टाकून वेलीच्या डोक्यावरून चालतो. ओळ संपली की तो रस्त्यावर येऊन वळतो आणि चाकांतली ढेकळं तिथेच झाडतो. ती वाळलेली असतील तर नुसतं खडखडतं. पावसानंतर मात्र हीच पांढरट चिकणमाती टायर आणि ब्रेकच्या मधे भरते आणि चाक अडतं. रिम ब्रेकच्या सायकलीला हा त्रास जास्त. काडीनं खरवडा, पाणी ओतून ती आणखी पसरते. जोराचा पाऊस झाला की चढाच्या वाटांवर दगडगोटे उतरून येतात, तेव्हा एक दिवस खालचे डांबरी रस्ते बरे.

टायर 32 मिलिमीटरचे घ्या. 70 किलोच्या माणसाला पुढे 50 आणि मागे 55 पीएसआयच्या आसपास हवा पुरते. 25 मिलिमीटरचं टणक टायर काँक्रीटच्या सांध्यांवर मनगटं खिळखिळी करतं. ट्यूब प्रेस्टा व्हॉल्व्हची असेल. हवा भरण्याआधी त्याच्या टोकाची बारीक नटी सैल करावी लागते, आणि आपल्याकडच्या पंपाचं तोंड त्याला बसेलच असं नाही. गिअरच्या मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला 32 दात असले की वरच्या गावांचं भय नाही.

आता खरी धोक्याची गोष्ट. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा. फ्रान्समध्ये भाड्याच्या सायकलीवर बहुधा उलटं असतं: डावा पुढचा, उजवा मागचा. वळताना डाव्या हातानं इशारा करायचा, तर पुढचा ब्रेक रिकामा. आणि ओल्या उतारावर सवयीनं डावा हात करकचून आवळला तर पुढचं चाक जागच्या जागी थांबतं. बाकीचं तुम्ही जाणता. दुकानाबाहेर मोकळ्या जागेत दहा मिनिटं फक्त थांबायचा सराव करा, किंवा केबल बदलून मागा.

रस्त्याची बाजूही उजवी. सरळ रस्त्यावर ती लक्षात राहते, घात होतो तो न्याहारीनंतर रिकाम्या गल्लीतून निघताना. शिवाय ‘प्रिओरिते आ द्र्वात’: फलक नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी, मग ती वाट कितीही बोळकांडीसारखी असो. टोकावर उभ्या पिवळ्या चौकोनाचा फलक दिसला की हक्क तुमचा. तोच काळ्या रेघेनं कापलेला दिसला की संपला. गावाच्या उंच भिंतींआडून एखादी व्हॅन न थांबता बाहेर येते ती बेपर्वाईनं नव्हे, कायद्यानं.

वाट शोधायला मोबाइल आहेच, पण मिशेलिनचा कागदी नकाशा जवळ असावा. लाल आणि पिवळ्या रेघा सोडून पांढऱ्या धरायच्या, एवढंच सूत्र. रेघेवरचे छोटे बाण चढ सांगतात: एक बाण पाच ते नऊ टक्के, दोन बाण नऊ ते तेरा, तीन त्याच्या वर. मर्सोहून ओसे-द्युरेसमार्गे कड्याखालच्या सँ-रोमँला जाणारा रस्ता चढाचा खरा, पण वर गेल्यावर खालची सगळी उतरण एका नजरेत मावते. उन्हाळ्यात ‘ग्राव्हियों’ लिहिलेला फलक दिसला तर वेग आधीच कमी करा. डांबरावर नुकती खडी पसरलेली असते आणि वळणावर ती सायकलीला खाली घेते.

पोटाचं वेळापत्रक वेगळंच. दुपारी बारा ते दोन दुकानं बंद, रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारी पाववाला बंद असण्याची शक्यता दाट. पाव साडेअकराच्या आत घेऊन ठेवावा. पाण्यासाठी दफनभूमी शोधावी. फुलांना घालायला तिथे नळ असतो. ‘ओ नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पिऊ नये.

हंगाम मे-जून किंवा सप्टेंबर. सप्टेंबरात तोडणी. हातानं तोडणाऱ्या मजुरांच्या व्हॅन आणि क्रेटच्या ट्रॉल्या मळ्याच्या वाटा भरून टाकतात, रस्त्यावर रस सांडतो, त्यावर गांधीलमाश्या बसतात. दृश्य सुंदर, पण तेव्हा आपण अडचण असतो. दुपारी सगळे जेवायला गेले की निघावं. वारा उत्तरेकडचा ‘बीझ’ असेल तर बोनहून दक्षिणेला जावं, पाठीवर घेऊन.

वाइन चाखणं शेवटच्या गावासाठी ठेवा. रक्तातल्या अल्कोहोलची लिटरला 0.5 ग्रॅमची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, दंड 135 युरो, आणि 0.8 च्या वर तो गुन्हा होतो. तळघरात थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. ते वापरण्यात कसलाही अपमान नाही, उलट जाणकार तेच करतात. बाटली भरलेली सव्वा किलोहून जडच. दोन घेतल्या तर दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत एकेक, तळाशी, मोज्यांत गुंडाळून. जुलैच्या उन्हात ठेवणार असाल तर घेऊच नका.

सांतनेहून कालव्याच्या काठानं पाच-सहा किलोमीटरवर शान्यी स्टेशन आहे. चढ नाही. तिथून टीईआर या प्रादेशिक रेल्वेगाडीनं बोन जवळच, पण सायकलीच्या जागा मोजक्या, तेव्हा संध्याकाळच्या शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नये. बऱ्याच डब्यांत सायकल पुढच्या चाकानं हुकाला उभी टांगावी लागते. टांगायच्या आधी पिशव्या काढून घ्या, बाटल्या त्यांतच आहेत.